आमच्या जिन्यावरच्या रेघा कुणाच्या फॉर्ममध्ये बसत नाहीत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

तुमचा पेपर आमच्या बडोद्यात कागदावर येत नाही, मी मोबाइलवर वाचते, आणि आधी वाचकांची पत्रं वाचते मग बातम्या, कारण पत्रात माणसं निदान मनापासून भांडतात. विद्यापीठं आणि समाज, संशोधक आणि सामाजिक संस्था यांच्यात ज्ञानाची देवाणघेवाण वाढली पाहिजे असं हल्ली बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. मोठमोठी माणसं लिहितात, खोटं काही नसतं त्यात. पण मी ३२ वर्षं बँकेत काउंटरवर काढली, त्यामुळे देवाणघेवाण म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे दोन कॉलम येतात, जमा आणि नावे. आणि आमच्या गल्लीपुरतं खातं उघडून बघितलं तर नुसते विड्रॉल आहेत हो, डिपॉझिट चष्मा लावून शोधावं लागतं. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापलंत तरी चालेल, फक्त जिन्याचं कापू नका.

आम्ही कारेलीबागेत राहतो, जुनं टेनामेंट आहे, विश्वामित्री काही फार लांब नाही. ही नदी पावागढच्या डोंगरातून निघते आणि गावाच्या मधून वळणं घेत पुढे ढाढरला मिळते, आणि तिच्यात मगरी आहेत, हे इथल्या बालवाडीतल्या पोरालाही माहीत असतं. पूरही आम्हाला नवा नाही. माझे सासरे बांधकाम खात्यात होते, मोजमापाची भारी हौस, २००५ च्या पुरात पाणी घरात शिरलं तेव्हा त्यांनी जिन्याच्या भिंतीवर सुताराच्या पेन्सिलीनं रेघ ओढली आणि शेजारी तारीख आणि वेळ लिहिली. मग सवयच पडली. २०१४ ची रेघ आहे, २०१९ ची आहे, ते गेल्यावर मी ओढलेली २०२४ ची आहे, ती थेट स्विचबोर्डाला टेकलीय. नुसती उंची नाही लिहिलेली. 'पहिली पायरी रात्री ११॥, तिसरी पायरी पहाटे ४, उतार दुसरे दिवशी दुपारनंतर' असं सगळं बारीक अक्षरात. रंगारी आला की दर वेळी सांगावं लागतं, एवढी पट्टी सोड बाबा.

आता २०२४ चा ऑगस्ट आठवा. काळाघोडा पुलाशी धोक्याची खूण २६ फुटांवर, आणि पाणी गेलं ३५ च्या पुढे. तीन दिवस आम्ही वरच्या खोलीत, लाइट नाही, मोबाइल मेलेला, शेजारच्या काकांनी गच्चीवरून दोरीनं दुधाची पिशवी पाठवली ती अजून आठवते. पाणी उतरल्यावर पंधरा दिवसांनी एक मुलगा आणि एक मुलगी टॅब घेऊन आले. कुठल्या संस्थेचे ते लिहीत नाही, पोरं गुणी होती, उन्हात घामाघूम झालेली, मी त्यांना सरबत दिलं. पूर आणि घरं असा काहीतरी सर्व्हे होता. घरात पाणी आलं का, हो की नाही. किती आलं, एक फुटापर्यंत, एक ते तीन, की तीनच्या वर. मी म्हटलं इकडे या, जिना दाखवते. मुलीनं बघितलं, खरंच वाकून बघितलं, म्हणाली वॉव. आणि मग टॅबकडे बघून म्हणाली, "आंटी, आमां एवो ऑप्शन नथी." यात तसा ऑप्शन नाही. तीनच्या वर, टिक, पुढचा प्रश्न, तुमच्याकडे टूव्हीलर आहे का.

मला राग नाही आला, हसूच आलं. पण रात्री झोप लागेना कारण त्या भिंतीवर जे आहे ते उंचीपेक्षा महत्त्वाचं आहे असं मला पक्कं वाटतं. बघा ना, ३१ जुलै २०१९ ला गावात एका दिवसात जवळजवळ २० इंच पाऊस पडला, तेव्हा आमच्याकडे पाणी पुढून आलं, रस्त्यावरून, फाटकातून, दिसत दिसत आलं, आम्ही गहू वर नेले, गादी वर नेली, टीव्ही नेला. २०२४ ला पाऊस थोडा थांबल्यासारखा झाला, आम्ही म्हटलं चला सुटलो, आणि पाणी मागून आलं, मोरीच्या जाळीतून उलटं, आधी घाण वास आणि मग गुळगुळ आवाज. वरून आजवा तलावाचं सोडलेलं पाणी, नदी तुडुंब, मग गटारानं तरी काय करावं, ते उलटं चालणारच. म्हणजे एका पुरात आपल्याला तयारीला तीन तास मिळतात आणि दुसऱ्यात पाऊण तास, आणि हे रेघांच्या शेजारच्या वेळा वाचल्या की समजतं. ज्याला पुराचा इशारा कधी आणि कसा द्यायचा याच्यावर काम करायचंय त्याला याच्याहून जास्त काय पाहिजे? पण फॉर्ममध्ये 'पाणी कुठून आलं' हा रकानाच नव्हता, कारण ज्यानं फॉर्म बनवला त्याच्या घरात कधी मोरीतून पाणी आलेलं नसणार.

आता दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर म्हणाल आजी एकतर्फी बोलतेय. त्याच सर्व्हेत आमच्या लाइनीतल्या निम्म्या घरांनी धादांत खोटं सांगितलं. का? तर टॅब घेतलेलं कोणी आलं की लोकांना वाटतं केशडोलवाले आले. केशडोल म्हणजे पुरानंतर सरकार जी रोख मदत देतं ती, तुमच्याकडे सानुग्रह की काय म्हणतात. मग ज्यांच्याकडे दीड फूट पाणी होतं त्यांनी चार फूट सांगितलं, ज्यांचा फ्रिज सुखरूप आहे त्यांचा फ्रिज वाहून गेला. एका बेननी तर त्या मुलीला तीनदा विचारलं, पैसे खात्यात येणार की हातात? तिनं तीनदा सांगितलं की आम्ही त्यातले नाही, कॉलेजातले आहोत, पण विश्वास कोण ठेवतो. म्हणजे त्या बिचाऱ्यांचा डेटा पण गेला पाण्यात. त्यांनी जर आधी एक दिवस येऊन ओट्यावर बसून सांगितलं असतं की हे कशासाठी आहे, याचं काय होणार, केशडोलशी याचा काही संबंध नाही, आणि आमच्यातलं एखादं माणूस बरोबर घेतलं असतं, तर काकांसमोर चार फूट सांगायची कुणाची छाती झाली नसती. काकांना सगळ्यांचं पाणी माहीत आहे.

रिपोर्ट झाला असेल. कुठंतरी परिषदेत वाचलाही असेल. आम्ही नाही बघितला.

मगरींचंही सांगते. २०२५ च्या फेब्रुवारीत नदीतल्या मगरी मोजल्या, शास्त्रज्ञ आणि गावातले स्वयंसेवक मिळून, आकडा चारशेच्या वर निघाला. रात्री बॅटरी मारून मोजतात, मगरीचे डोळे अंधारात चमकतात त्यावरून. इथं एक गोष्ट मला फार आवडते की हे काम नुसत्या डिग्रीवाल्यांना जमणारंच नाही. पुरात कुणाच्या अंगणात, कुणाच्या जिन्याखाली मगर येऊन बसते तेव्हा जी पोरं दोरी घेऊन धावतात, त्यातलं कोणी प्लंबर आहे कोणी रिक्षावाला, त्यांना कुठल्या वळणावर मादी अंडी घालते आणि थंडीत ऊन खायला ती कुठल्या काठावर येते हे तोंडपाठ असतं. आणि शास्त्रज्ञाला माहीत असतं की एकच मगर दोनदा मोजली जाऊ नये म्हणून काय करायचं. दोघांना एकमेकांची गरज आहे आणि दोघांनाही ते कळतं, म्हणून होतं. विश्वामित्रीचा काठ बांधून काढायचा जो रिव्हरफ्रंट प्रकल्प होता, त्याची केस जेव्हा हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाच्या कोर्टाकडे, गेली तेव्हाही नागरिकांच्या बाजूला नुसत्या घोषणा नव्हत्या, नदीचं पात्र, पूरपट्टा, कोतरं यांचा अभ्यास असलेली माणसं बरोबर होती, २०२१ मध्ये लवादाचा आदेश आला त्यामागे हे होतं. कोतरं म्हणजे नदीच्या काठच्या घळी, इथला शब्द आहे. बुजवायची म्हटली की बिल्डरला मोकळी जमीन दिसते आणि पावसाळ्यात पाण्याला तीच जागा लागते.

पण गंमत बघा. आमच्या ज्येष्ठ मंडळात एकदा ठरलं की या मगरींबद्दल काय काय अभ्यास झालाय ते वाचू. नातवानं गूगल करून एक पेपर काढला, नाव वाचून सगळे खूश, आपली विश्वामित्री, आपली मगर. क्लिक केलं तर डॉलरमध्ये पैसे मागतंय, हिशोब केला तर तीन हजारांच्या आसपास, दहा-बारा पानांना! आमच्या नदीतली मगर, आमच्या करातून पगार, आमच्याच कुणीतरी वाट दाखवली असणार, आणि वाचायला तीन हजार. काका म्हणाले त्यापेक्षा नदीकाठच्या कमाटीबागेत जाऊन मगरीलाच विचारून येतो.

यावर कुणी म्हणेल आता 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आलंय ना. आलंय, आणि चांगलंच आहे, केंद्र सरकारनं ३ वर्षांसाठी ६,००० कोटी मंजूर केले, जानेवारी २०२५ पासून सरकारी कॉलेजं आणि संशोधन संस्था यांना १३ हजारांवर जर्नल्स वाचता येतात. कॉलेजातल्या मुलांचं कल्याण झालं. पण 'नेशन' मध्ये मी येत नाही. आमचं मंडळ येत नाही, मगरी पकडणारी पोरं येत नाहीत, एखाद्या छोट्या संस्थेत चार हजारांवर काम करणारी कार्यकर्ती येत नाही. हे जर्नल सार्वजनिक लायब्ररीच्या एका कॉम्प्युटरवर जरी उघडलं तरी खूप झालं.

आणि लायब्ररीचं नाव काढलंच आहे तर बडोदेकर म्हणून थोडा मान ताठ करून बोलू द्या. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून आणलं आणि राज्यभर लायब्ऱ्या काढल्या. गावोगाव पुस्तकं जायची ती लाकडी पेट्यांतून, फिरती लायब्ररी. १९१२ पासून ग्रंथालयशास्त्राचं एक नियतकालिक निघायचं, ते तीन भाषांत असायचं, इंग्रजी, गुजराती आणि मराठी. तीन! तेव्हा ना झेरॉक्स ना गूगल ट्रान्सलेट. राजाला वाटलं की लायब्ररी कशी चालवायची हे गावातल्या मास्तरलाही त्याच्या भाषेत कळलं पाहिजे, बस. आता आपल्याकडे सगळं आहे आणि आमच्या गल्लीवर झालेल्या अभ्यासाची दोन पानं आमच्या भाषेत मिळत नाहीत. मराठी राहू दे, आम्ही इथं अल्पसंख्य, गुजरातीत द्या, आम्हाला गुजराती वाचता येतं, कित्येकांना मराठीपेक्षा बरं येतं.

आता रुमालाचं. हे जरा दुखरं आहे. सासूबाईंचं माहेर दांडिया बाजारातलं, जुना वाडा, तो विकला तेव्हा दोन रुमाल कागद आमच्याकडे आले. रुमाल म्हणजे नाक पुसायचा नव्हे, मोडी कागद ज्या कापडात बांधून ठेवतात त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. लाल खारव्याचं कापड, आत सगळं मोडी, आम्हाला कुणालाच वाचता येत नव्हतं, सासूबाई म्हणायच्या त्यात एका लग्नाचा खर्च आहे आणि घोड्याच्या चंदीचा, म्हणजे दाण्याचा, हिशोब. काही वर्षांपूर्वी एक संशोधक आले, फार अदबीनं बोलले, सासूबाईंच्या पाया पडले, आणि एक रुमाल घेऊन गेले, महिन्यात परत देतो, झेरॉक्स पण देतो, वाचून मराठीत काय आहे ते पण लिहून देतो. आम्ही पावती पण नाही घेतली. मी, बँकेतली बाई, मी पावती नाही घेतली! पहिली काही वर्षं फोन उचलायचे. मग नंबर बदलला. सासूबाई गेल्या. मग एक दिवस भाचीनं शोधगंगावर त्यांचा थिसिस शोधून काढला, हे एक फार चांगलं झालंय की पीएचडीचे थिसिस आता तिथं कुणालाही फुकट बघता येतात, गांधीनगरला ऑफिस आहे त्यांचं. इंग्रजीत थिसिस, तीनशेच्या वर पानं, सुरुवातीला आभार, त्यात 'बडोद्यातील एका कुटुंबाच्या खाजगी संग्रहातील कागद'. एका कुटुंबाच्या. घोड्याच्या चंदीचा उल्लेख १८० व्या पानाच्या तळटीपेत आहे, दीड ओळ. ती दीड ओळ मी चारदा वाचली. सासूबाई बरोबर सांगत होत्या, चंदीच होती.

माणूस लबाड होता असं मी म्हणणार नाही. मला वाटतं त्याला डिग्री मिळाली आणि काम संपलं, त्याला परत यायला कुणी सांगितलंच नाही, गाइडनं विचारलं नाही, युनिव्हर्सिटीच्या कुठल्या फॉर्ममध्ये 'घेतलेली वस्तू परत केली का' असा रकाना नाही. लायब्ररीचं पुस्तक राहिलं तर नो ड्यूज मिळत नाही, डिग्री अडकते. लोकांच्या घरातला रुमाल राहिला तर काही अडकत नाही. साधी गोष्ट आहे, नो ड्यूजमध्ये ही पण एक सही घ्या ना, ज्याच्याकडून घेतलं त्याची. (उरलेला रुमाल मी आता कुणाला देत नाही. मोडीच्या क्लासला जाते, क ला काना लावायला शिकतेय, या वयात.)

चांगलं पण घडतं, तेही लिहिलं पाहिजे. आमच्या मागच्या वस्तीत बायकांचा एक बचत गट आहे, पापड-खाखरे करतात, बऱ्याचजणी सकाळी चार घरची कामं करून येतात. मी त्यांचा हिशोब बघते. तिथं न्यूट्रिशन शिकणारी एक मुलगी आली, रक्त कमी असण्यावर अभ्यास. हा विषय काही लहान नाही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातमध्ये १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ६५ बायकांना ॲनिमिया निघाला. तिनं पण फॉर्म भरले, बोट टोचून रक्त घेतलं, आणि गेली. आम्ही म्हटलं झालं, ही पण गेली. तर दोन महिन्यांनी ती परत आली, हातात एक चार्ट, आणि ओट्यावर बसून म्हणाली, तुमचं काय निघालं ते सांगायला आलेय. कुणाचं नाव नाही, पण गटात इतक्याजणींचं रक्त इतकं. आणि मग तिनं तिचा निष्कर्ष वाचला की गोळ्या मिळतात पण बायका घेत नाहीत कारण जागरूकता कमी आहे.

जागरूकता हा शब्द ऐकल्याबरोबर आमच्या गटातल्या एक वहिनी, पापड लाटता लाटताच, म्हणाल्या, जागरूकता कसली कमी, बाई मी पहाटे चारपासून जागीच असते. हशा झाला. मग एकेक बोलायला लागली. सकाळी उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळतं, आणि मळमळत दुसऱ्याच्या घरी भांडी कशी घासणार, एकीला तर मालकिणीनं 'दिवस गेलेत का' विचारलं, ती रडत आली होती. रात्री घ्यावी तर रात्री जेवण झालं की चहा लागतो, दमणूक असते ना. मुलीनं सांगितलं की जेवणाबरोबर किंवा लगेच वर चहा घेतला तर लोह अंगी लागत नाही, लिंबू-आवळा असेल तर उलट जास्त लागतं. हे आम्हाला नव्हतं माहीत, खरंच नव्हतं. आणि तिला नव्हतं माहीत की गोळी न घेण्याचं कारण भांडी आहे. मग तिथंच ठरलं, गोळी रात्री जेवणानंतर थोड्या वेळानं, वर लिंबू पाणी, आणि चहा संध्याकाळी पापड सुकवून झाले की. जेवणाच्या आधी दोन तास. बघा किती लहान गोष्ट आहे, पण ही ना पुस्तकात होती ना आमच्या डोक्यात, त्या ओट्यावर झाली. आणि मुलीनं तो जागरूकतेचा पॅरेग्राफ काढून टाकला, मला मेसेज करून सांगितलं, मॅडम चिडल्या पण मी काढला.

माझं म्हणणं एवढंच आहे की ती दुसरी फेरी महत्त्वाची. पहिल्या फेरीत संशोधक विचारतात आणि आम्ही उत्तरं देतो, ती निम्मी खोटी नसली तरी अर्धवट असतात. दुसऱ्या फेरीत ते सांगतात आणि आम्ही म्हणतो छे, असं नाहीये, आणि तिथं खरं बाहेर येतं. आमच्या फायद्यासाठी तर ती हवीच, पण त्यांच्या अभ्यासासाठी सुद्धा ही फेरी लागते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नवजात बाळांचं जे काम केलं, गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर बाळाची काळजी, ३९ गावांत करून १९९९ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापलं, बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, ते हॉस्पिटलात बसून सुचलं असतं का? पुढे २०११ मध्ये सरकारनं तसा कार्यक्रमच देशभर घेतला. आणि लांब कशाला, आमच्या बडोद्यातच गणेश देवी, मूळचे भोरचे, इथं युनिव्हर्सिटीत इंग्रजी शिकवायचे, १९९६ मध्ये नोकरी सोडून त्यांनी भाषा ही संस्था काढली, छोटा उदेपूरकडे तेजगढला आदिवासी अकादमी उभी केली, आणि २०१० पासून देशभरच्या भाषांची पाहणी केली, ७८० भाषा नोंदल्या. त्यात भाषाशास्त्रज्ञ होते तसे शाळेचे मास्तर होते, लेखक होते, ज्यांची ती भाषा ती माणसं होती. आपल्या भाषेबद्दल माणसानं स्वतः लिहायचं.

आता दोन क्रेडिटवाल्या मुलांबद्दल. यूजीसीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कॉलेजच्या मुलांना समाजात जाऊन काम करायचं, त्याला २ क्रेडिट. विचार उत्तम. पण आमच्याकडे काय होतं, वीस मुलं एका टेम्पोतून येतात, बॅनर धरून फोटो, मंडळाच्या लेटरहेडवर सही-शिक्का, आणि मग सगळी सेव-उसळ खायला. मागच्या खेपेला मी शिक्का कपाटात ठेवला आणि म्हटलं आधी आमच्या मंडळाचं १५ वर्षांचं रजिस्टर कॉम्प्युटरवर चढवा, मग शिक्का. रजिस्टरात काय आहे? कुठल्या दिवशी पाणी आलं नाही, कुठल्या महिन्यात डेंग्यूचे पेशंट किती, कुणाच्या घरापुढे गटार फुटलं. सतरा मुलं गेली, तीन राहिली. त्या तिघांनी दोन शनिवार बसून चढवलं, आणि एका मुलीनं शोधून काढलं की गटार फुटायच्या तक्रारी दर वर्षी त्याच चार घरांपुढे आहेत. चारच घरं! पंधरा वर्षं आम्ही ओरडतोय आणि कधी मोजलं नाही. ते कागद घेऊन वॉर्ड ऑफिसात गेलो तेव्हा पहिल्यांदा साहेबांनी खुर्ची दिली.

आमचीही चूक आहे, मी मघाशी म्हटलं तसं. रजिस्टर नीट ठेवत नाही, २००९ ते २०११ चं वाळवीनं खाल्लं, लोकांना अनुभव विचारला तर ते मत सांगतात, आणि संस्थावाले, मला माफ करा, कधी कधी आधी पत्रक छापतात आणि मग आकडा शोधायला निघतात. संशोधक याला वैतागतात, बरोबर आहे त्यांचं.

भाचा काही वर्षं नेदरलँडमध्ये ग्रोनिंगनला होता, तो सांगायचा तिकडे १९७० च्या दशकात विद्यापीठांनी 'विज्ञानाची दुकानं' काढली. दुकान म्हणजे विकायचं काही नाही, काउंटर. एखादी वस्ती, एखादी युनियन, एखादी संस्था येऊन प्रश्न सांगणार, आमच्या विहिरीचं पाणी असं का, आमच्या कारखान्यातल्या आवाजानं काय होतं, आणि विद्यार्थी त्याच्यावर प्रोजेक्ट करणार, मास्तर लक्ष ठेवणार, उत्तर त्या लोकांना देणार. मला हे ऐकून इतकं बरं वाटलं, काउंटर म्हटलं की मला माझंच घर वाटतं. बडोद्यात हे का होऊ नये? १९४९ ची युनिव्हर्सिटी आहे, होम सायन्स, इंजिनिअरिंग, सोशल वर्क, फाइन आर्ट्स सगळं एकाच गावात. आठवड्यातून एक दिवस, शनिवार सकाळ, एक टेबल आणि दोन खुर्च्या, एक जण गुजराती-मराठी-हिंदी बोलणारा. जागा सयाजीगंजात रस्त्यावरून दिसेल अशी हवी, तिसऱ्या मजल्यावर कॉरिडॉरच्या टोकाला नको, आमचे गुडघे तसे राहिले नाहीत. मी स्वतः पहिली चिठ्ठी घेऊन उभी राहीन, प्रश्न तयार आहे: मोरीला उलटं पाणी अडवणारी झडप बसवली तर आमच्या लाइनीत ती चालेल का, की माझ्याकडचं अडेल आणि शेजारच्या काकांकडे दुप्पट येईल? प्लंबर म्हणतो चालेल, काका म्हणतात नाही. दोघांपैकी कुणीच मोजलेलं नाही.

तोवर एवढं तरी करा. फॉर्मच्या शेवटी एक कोरी जागा ठेवा, तिथं आम्ही जे सांगू ते लिहा, कामाचं नसेल तर नंतर खोडा. आणि जाताना 'परत कधी येणार' ती तारीख आमच्या कॅलेंडरवर तुमच्या हातानं लिहून जा, आमच्याकडे कालनिर्णय दारामागे टांगलेलं असतं, पेन त्यालाच बांधलेलं आहे.

यंदा दिवाळीच्या आधी घराला रंग काढायचाय. मुलगा म्हणतो ती जिन्याची पट्टी आता घाण दिसते, फोटो काढून ठेव आणि रंगवून टाक. फोटो काढलेत, पण रंगाऱ्याला मी सांगितलंय, पट्टी राहू दे. कुठल्याही डिपार्टमेंटचं कुणी बघायला येणार असेल तर या, टेप मात्र घेऊन या, सासऱ्यांची गंजलीय. चारनंतर या, दुपारी मी झोपते.

आपली,
एक वाचक, कारेलीबाग, बडोदे
(नाव छापू नये)